चित्रांच्या खोलीतला राजा

रुमाल लाल झाला तेव्हा वाचनालयात भरलेल्या त्या सगळ्या गर्दीत कोणी खोकलंसुद्धा नाही.

टेबलावर भलंमोठं पुस्तक उघडं होतं. दोन पानं व्यापून एका प्राचीन राजाचा सोन्याचा मुखवटा छापलेला. दिव्यदृष्टी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गृहस्थांनी आपला पांढरा रुमाल दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवला, बाटलीतलं पाणी मुखवट्याच्या डोळ्यांवर शिंपडलं आणि रुमाल त्यावर दाबला. चकचकीत पानावर पाणी पडताना पाहून ग्रंथपालांचा चेहरा मात्र पिळवटला. बाकी सगळे रुमालाकडे बघत होते. त्यावर दोन लाल डोळे उमटले होते.

"रक्त," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"रक्त नव्हे, स्मृती," दिव्यदृष्टी म्हणाले. "ज्याचं थडगं उकरलं, तो उकरणाऱ्याचा माग काढतो. उकरणारी माणसं मेली, आता चित्र बघणाऱ्या लेकरांवर त्याची नजर आहे. पुस्तक कागदाचं असेल हो, पण कंपनं कागदाला जुमानत नाहीत."

वाक्यात सांगण्यासारखं काही नसलं की हा माणूस तिथे 'कंपनं' घालत असे. त्याच्या बोलण्यात ती फारच होती.

हे पुस्तक मी निवडलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी धड्याबाहेर काही वाचावं म्हणून वाचनालयासाठी इतिहास, विज्ञान आणि धाडसाची सचित्र पुस्तकं मी शोधशोधून मागवली होती. उत्खननं, ज्वालामुखी, ध्रुवावरच्या मोहिमा, समुद्राच्या तळाशी गेलेली माणसं. दारावर 'बाईंची शिफारस' अशी पाटीही लागली होती. आता त्या पाटीवर कोणीतरी कोळशाने फुली मारली होती.

कारण मुलं आजारी पडत होती. थंडी सुरू झाली आणि एकामागून एक मुलं ही पुस्तकं बघता बघता डोकं धरून बसू लागली, ओकू लागली. न्हाव्याचा मुलगा खुर्चीतून खाली कोसळला. माझी भाची भिंगरी घरी येऊन म्हणाली, "मावशी, राजाने मान वळवली." कादंबऱ्या वाचणाऱ्यांना काही होत नव्हतं. वर्तमानपत्रवाले ठणठणीत होते. फक्त चित्रांची पुस्तकं बघणारी मुलं.

दिव्यदृष्टींचा निवाडा झाला होता. राजाची नजर सगळ्यात जास्त भिंगरीवर आहे. आज दिवस मावळायच्या आत तिला त्या पुस्तकासह चित्रांच्या खोलीत, म्हणजे मुलं ही पुस्तकं जिथे बसून बघत त्या खोलीत, बसवायचं, दाराच्या फटी ओल्या कापडाने बुजवायच्या, आत निखाऱ्यांवर त्यांचा धूप घालायचा. राजा निघून गेला की ती स्वतः दार वाजवील. मग सगळी पुस्तकं अंगणात जाळायची.

मी पुढे झाले. "तो रुमाल जरा दाखवा."

"हात लावू नका, बाई. तुमच्यावर आधीच भार आहे."

"नका देऊ. नुसता उजेडात धरा."

लोकांनीच धरायला लावला. मघाचे लालभडक डोळे आता फिकट गुलाबी झाले होते आणि आमच्यादेखत पुसट होत चालले होते.

"रक्त वाळलं की तपकिरी होतं, नाहीसं होत नाही," मी म्हणाले. "हा रंग आमच्या प्रयोगशाळेत रोज दिसतो. रुमालावर आधीच एक बिनरंगी द्रावण लावून वाळवलेलं आहे आणि बाटलीत चुन्याची निवळी आहे. दोन्ही भेटली की लाल. हवा लागली की गायब. उद्या शाळेत या, पाहिजे तितके राजे रडवून दाखवते."

थोडे लोक हसले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात माझी थोरली बहीण, भिंगरीची आई, पुढे आली. रात्र रात्र जागून तिचे डोळे सुजले होते.

"रुमाल खोटा असेल," ताई म्हणाली. "पोरं खोटी पडली का? माझी पोर खोटं ओकली?"

 लोकांचं हसणं तिथेच थांबलं.

"ही तुझी पुस्तकं," ताई हळूच म्हणाली. "तू आता मध्ये पडू नकोस."

ताईने भिंगरीला आत नेलं. जाता जाता पोरीने माझा हात धरला. "मावशी, दार उघडं असलं ना, की राजा हलत नाही. त्यांना दार थोडं उघडं ठेवायला सांग." मी सांगितलं. दिव्यदृष्टी हसले आणि म्हणाले, "ऐकलंत? राजाच बोलतोय. त्याला पळून जायला वाट हवी आहे." दार लागलं. फटीत ओलं कापड बसलं. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात गेली.

मी अंगणात आले. तिथे माझी पुस्तकं ढिगाने टाकलेली. एकावर कोणाचा तरी चिखलाचा पाय उमटला होता. मला रडू येत होतं आणि रागही, म्हणून मी हाताला लागतील ती उचलून पुसायला लागले. एक पुस्तक मधोमध उघडून पडलं होतं. खाणकामगारांचं. अंधाऱ्या बोगद्यात एक माणूस उभा, हातात पिंजरा, पिंजऱ्यात छोटा पिवळा पक्षी. शेजारी मजकूर होता: खाणीतल्या या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला कळायच्या आत पक्षी कोसळतो, म्हणून कामगार त्याला सोबत नेत.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुस्तक तसंच टाकून आत धावले.

"साहेब," मी ग्रंथपालांना गाठलं, "चित्रांच्या खोलीत शेगडी ठेवता ना?"

"ठेवावीच लागते. हा कागद ओल धरतो, बाई. पानं एकमेकांना चिकटली की चित्र सोलून निघतं. म्हणून तर ही पुस्तकं घरी देत नाही. खिडक्यांच्या फटीही मी स्वतः कागदाच्या पट्ट्या डकवून बंद केल्यात."

"आणि धूर?"

त्यांना हे विचारलेलं आवडलं. "एक कण नाही. कोळसा बाहेर रसरसून पेटवतो आणि मगच आत नेतो. इतक्या सुंदर चित्रांना काजळी लागून कसं चालेल?"

 धूर नाही म्हणून हा भला माणूस निर्धास्त होता. पुस्तकांना जपण्यासाठी त्याने एवढं केलं होतं, आणि त्याच खोलीत मुलं बसत होती.

मी दाराकडे धावले. दिव्यदृष्टी आडवे आले. "आता दार उघडलं तर लेकराचा जीव जाईल. पाप तुमच्या माथी."

"नाही उघडलं तर जाईल," मी म्हणाले. "ताई, निखाऱ्यांचा विषारी वायू आहे आत. पुस्तकाचा काही संबंध नाही. कोंडलेल्या खोलीत कोणीही बसलं तरी हेच होईल."

ताई एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे.  तिने कोणावर विश्वास ठेवावा? एका बाजूला मी, पोरीला ही पुस्तकं देणारी. दुसऱ्या बाजूला तिला आशा देणारा माणूस.

"माझं ऐकू नकोस," मी म्हणाले. "नुसती हाक मार तिला. तिने ओ दिली तर मी गप्प इथून निघून जाते."

ताईने दाराला तोंड लावलं. "भिंगरे." मग मोठ्याने. मग दारावर मुठी आपटत.

आतून काही आलं नाही.

"समाधी लागली आहे," दिव्यदृष्टी म्हणाले. "ही तर शुभ खूण."

ताईने त्यांची कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने खिशातून किल्ली ओढून काढली. खिसा फाटला. माझ्या बहिणीला मी आयुष्यात कोणावर हात टाकताना पाहिलं नव्हतं.

भिंगरी टेबलावर डोकं टेकून होती. गाल गुलाबी झाले होते. "बघा, तेज आलं चेहऱ्यावर," मागून एक बाई म्हणाली. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. आम्ही तिला ओढत, फरफटत बाहेर थंड हवेत आणलं. ग्रंथपालांनी खुर्ची उचलून खिडकीची काच फोडली. किती वेळ गेला माहीत नाही, पण पोर एकदाची खोकली, ओकली आणि रडायला लागली. तिच्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

डॉक्टरांनी तिला प्राणवायू लावला आणि लोकांना दवाखान्याच्या पायरीवर उभं राहूनच सांगितलं, "कोंडलेल्या जागेत कोळसा नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपलं रक्त प्राणवायू सोडून त्यालाच कवटाळतं. डोकं दुखतं, उलटी होते, नाही ते दिसतं. गालांवरची ती लाली कधीकधी याच विषाची असते. आणखी जरा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं."

तोवर दिव्यदृष्टी फाटक्या खिशानिशी निघून गेले होते. ऐकते की आता दुसऱ्या गावात बसतात आणि 'त्या मुलीला मीच परत आणलं' असं सांगतात. तिथेही लोक ऐकतात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत राजाला सगळ्यांसमोर रडवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मला त्याचं फारसं सुख झालं नाही. रुमालाची लबाडी उघडी पाडून मी कोणालाच वाचवलं नव्हतं. मुलं का पडतात याचं खरं कारण सापडलं, तेव्हा पोर वाचली. लबाडी पकडणं हे अर्धंच काम आहे. माणसं भोंदूकडे जातात ती त्यांचं दुखणं खरं असतं म्हणून, आणि त्या दुखण्याचं उत्तर कोणी दिलं नाही तर ती पुन्हा जातील.

म्हणून सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर तपासू द्या म्हणा. तपासायला नाही म्हणाला तर तिथून उठा. आणि मुलं आजारी पडली तर ती कुठे बसतात, काय श्वासातून घेतात, काय पितात ते आधी बघा.

ताई त्या दिवशी दवाखान्यात भिंगरीच्या उशाशी बसली होती. मी गेले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आपल्याच पोरीला हाक मारायला," ती म्हणाली, "मला कोणीतरी सांगावं लागलं."