मागच्या चाकाचा नट

गाडी पासिंगला नेणं म्हणजे माझं दरवर्षीचं ठरलेलं भांडण. गाडी म्हणजे ती डोंगरात, दगडधोंड्यांत, ओढ्यात घालायची उंच मोटरसायकल. बायको तिला उंट म्हणते. वयाने म्हातारी झालीय, पण चढावर अजून कुणाला ऐकत नाही. असल्या जुन्या गाडीत काय काय बिघडतं ते मला तोंडपाठ आहे. पुढचे शॉकअप तेल गाळतात, हँडलच्या बेअरिंगला खाच पडते, चेन सैल पडते, चाकाचे आरे ढिले होतात. मीही फिटर माणूस, लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेली. समोरच्याने एक दोष काढला की मी दोन शब्द ऐकवतो, मग तो आणखी एक काढतो, आणि असं आमचं मजेत चालतं.

पासिंगची मुदत संपली की मी गाडीवर बसत नाही. नियम म्हणजे नियम. तपासणी केंद्र आमच्याच रस्त्यावर, चौकाच्या पलीकडे, त्यामुळे ढकलतच नेतो. बायको दारात उभी राहून हसते. या वर्षी हसली नाही, हे मला फार नंतर आठवलं.

केंद्रावर या खेपेला नवीन पोरगी होती. केस करकचून बांधलेले, हातमोजे घातलेले, चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

"काका, शॉकअप गळतोय," ती म्हणाली.

"घाम आलाय त्याला. ढकलली मी आणि घाम त्याला!"

ती हसली नाही. पुढचं चाक उचलून तिने हँडल हळूहळू इकडून तिकडे फिरवलं. "मधोमध अडकतंय."

"सरळमार्गी गाडी आहे, वळायचं जिवावर येतं तिच्या."

तेही वाया गेलं. टायर बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवून बघितला. मग ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली, चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. हलवल्यावर ती थांबली. हातमोजा काढला, ॲक्सलच्या नटावर दोन बोटं ठेवली आणि नट फिरवला. फिरला! पाना नाही, जोर नाही, नुसत्या बोटांनी.

"काका, तुम्हीच बघा फिरवून."

मी बघितलं. याच नटावर सगळं मागचं चाक धरलेलं असतं. भरधाव असताना चाक तिरकं झालं तर माणूस उचलून घरी आणायच्या लायकीचा राहत नाही.

"चेन ताणली होती का एवढ्यात?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळी."

चेन ताणायची तर हा नट सैल करावा लागतो, चाक मागे सरकवायचं आणि नट परत आवळायचा. काम सोपं आहे. मी हजारदा केलंय.

"मग आवळायचं विसरलात," ती म्हणाली. काही वाईट हेतूने नाही म्हणाली, बिचारी. पण एवढा वेळ टुरटुरणारा मी, नापासाचा कागद घेतला आणि मान खाली घालून गाडी ढकलत निघालो.

तुम्हाला वाटेल, एका नटाचं एवढं काय? सांगतो. माझ्या दादाचं असंच सुरू झालं होतं. दादा माझा थोरला भाऊ. पाना कसा धरायचा ते त्यानेच मला शिकवलं. एकदा शेजाऱ्याच्या गाडीचं ऑइल बदलायला बसला आणि खालचं बूच लावायचं विसरला. वरून नवीन तेल ओततोय, खालून ते जमिनीवर वाहतंय, आणि हा आपला ओततोच आहे. आम्ही पोट धरधरून हसलो होतो. आता तो आणि वहिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी रोज सकाळी वर जातो आणि तो रोज मला विचारतो, "आपण कोण?"

रस्ताभर मी आदली संध्याकाळ आठवत होतो. नट आवळल्याचं आठवत होतं की! पाना लावला, पाय दिला, शेवटचा झटका दिला. पण हे कालचं आठवतंय की गेल्या वर्षीचं? हात तोच, पाना तोच, नट तोच. जितकं आठवायला जावं तितकं सगळं एकात एक मिसळत गेलं. माझी पाचावर धारण बसली होती.

"काय झालं?" बायकोने दारातच विचारलं.

"नापास."

"बरं झालं," ती पटकन म्हणाली. मग माझं तोंड बघून आवाज खाली आला. "शॉकअपमुळे?"

"नटामुळे. मी आवळायचा विसरलो."

एरवी एवढ्या भांडवलावर तिने मला आठवडाभर पिडलं असतं. त्या दिवशी काही न बोलता ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी शेडमध्ये जाऊन नट आवळला. बाहेर आलो, परत आत जाऊन आवळला. मग गॅस बंद आहे का बघितलं. मग दार. मग परत गॅस.

दुसऱ्या दिवशी एका उंच इमारतीत काम होतं. लिफ्टच्या टपावर, दोर जिथे अडकवतात तिथले नट बदलायचे. मी बदलले, आवळले, शिडीवरून खाली आलो. जमिनीला पाय लागले न लागले तोच मनात आलं, शेवटचा राहिला की काय? परत वर गेलो. आवळलेला होता. खाली आलो. परत वर गेलो.

"अरे, लग्नाची मागणी घालतोयस का त्या नटाला?" लंब्या ओरडला. लंब्या माझा जोडीदार, वर्षानुवर्षं आम्ही बरोबर काम करतो.

"लंब्या, तू एकदा सगळे तपास."

"तू आवळलेले नट मी तपासू? उद्या म्हणशील सूर्य उगवला का तेही बघून ये."

त्याने हसण्यावारी नेलं आणि लिफ्ट सुरू केली. एक बाई आली, कडेवर पोर, हातात भाजीची पिशवी. आत शिरली, सगळ्यात वरचं बटण दाबलं, दार बंद झालं. त्या पोराने दार बंद होता होता मला हात केला. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि लिफ्ट वर पोचल्याचा आवाज येईपर्यंत श्वास घेतला नाही. आयुष्यभर लोक माझ्या नटांवर लटकले आणि मला त्याची कधी भीती वाटली नव्हती. आता प्रत्येक मजला माझ्या मानेवर चढून बसला होता.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी बायकोला सांगून टाकलं. "उद्या साहेबांना भेटतो. काम सोडतोय."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "का?"

"का म्हणजे? मी विसरायला लागलोय. दादासारखा. कुणाचा जीव जायच्या आधी बाजूला झालेलं बरं."

तिच्या हातातली चादर खाली पडली. "अहो, नट तुम्ही विसरला नाहीत. मी सैल केला."

मला भयंकर राग आला. "माझी समजूत काढू नकोस! लहान पोर आहे का मी? तुला पाना कुठल्या बाजूने धरतात ते तरी ठाऊक आहे?"

ती उठली. तरातरा शेडमध्ये गेली, मी मागोमाग. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले असतात. तिने त्यातला नेमका हवा तो काढला, आकडासुद्धा बघितला नाही. नटाला लावला, सीटचा आधार घेतला आणि चपलेसकट पाय पान्यावर देऊन सगळं वजन टाकलं. कर्रकन आवाज झाला आणि नट सुटला.

"असा," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही रोज माझ्या डोळ्यांसमोर तेच तर करत आलात. आंधळी आहे का मी?"

मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मी विसरलो नव्हतो! आवळला होता, पाय देऊन आवळला होता, मला आठवत होतं ते खरं होतं. मला तिला उचलून नाचावंसं वाटलं, आणि तेवढंच फाडून खावंसंही वाटलं.

"अगं बये, जीव घेतलास माझा! कशाला हा उद्योग?"

"नापास झाली की चालवता येत नाही, असं तुम्हीच म्हणता. म्हटलं वर्षभर तरी सुटका होईल."

"नट आवळून परत नेली की पास होते ती!"

"ते मला काय माहीत! ढकलतच नेणार हे ठाऊक होतं, तरी तुम्ही चौक ओलांडेपर्यंत मी दारातून हलले नाही."

"पण एवढी वर्षं मी डोंगरात जातोय. आत्ताच काय झालं तुला?"

तिने पाना नटावरून काढून घेतला. मला वाटलं, पडण्याबिडण्याची भीती असेल, वय झालं म्हणेल, एवढंच.

"गेल्या महिन्यात ओढ्यात घसरून आलात ते आठवतं?"

"आठवतं की. गुडघ्यापर्यंत चिखल."

"घरी आल्यावर काय झालं?"

"काय व्हायचंय? जेवलो."

"त्याच्या आधी."

"बूट काढले असतील."

"किल्ली खिशात असून तुम्ही दार वाजवलंत," ती म्हणाली. "मी उघडलं तर हेल्मेट हातात धरून पायरीवरच उभे. म्हणालात, 'वहिनी, दादा आहे का घरात?' मला वाटलं, चेष्टा करताय. मी पण म्हटलं, 'ते वर आहेत, आपण कोण?' तर तुम्ही लाजलात. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसलात. मी पाणी दिलं तर थँक्यू म्हणालात. अहो, जन्मात कधी मला थँक्यू म्हणालात?"

"मग?"

"मग ग्लास खाली ठेवलात आणि उठलात. म्हणालात, 'निघतो, घरी बायको वाट बघत असेल.'"

तिने पदराने तोंड दाबलं.

"मी दाराला कडी घातली आणि दारापुढे उभी राहिले. काय करावं ते सुचेना. थोड्या वेळाने तुम्हीच विचारलंत, 'जेवायला काय केलंयस?' नेहमीच्या आवाजात."

मी डोक्यात शोधत होतो. ओढा होता. चिखल होता, बुटात शिरलेलं गार पाणी होतं. मग थेट समोर ताट. मधे काहीच नव्हतं. पायरी नव्हती, खुर्ची नव्हती, पाण्याचा ग्लास नव्हता. नटाच्या वेळी निदान धूसर काहीतरी होतं. इथे तर रिकामं होतं, आणि रिकामं आहे हेही मला आत्तापर्यंत कळलं नव्हतं. मी खूप घाबरलो. शेडच्या पत्र्याला पाठ टेकून उभा राहिलो.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. जाऊबाईंनाही नाही. त्यांना अर्ध्या वाक्यात कळेल."

"उद्या माझ्याबरोबर साहेबांकडे चल," मी म्हटलं.

"आता कशाला काम सोडता? नट तर मी सैल केला होता!"

"नटासाठी नाही सोडत."

ती रडायला लागली. मी तेवढं एक सांगितलं.

"ऐक. परत कधी मी निघतो म्हणालो, तर मला जाऊ देऊ नकोस."

तिने डोळे पुसले, पाना जागेवर टांगला आणि माझा दंड घट्ट धरला.

"जाऊन तर दाखवा," ती म्हणाली.