हिरवे चौकोन

आत्याची नजर पन्नाशीनंतर हळूहळू गेली. त्याआधी तीस वर्षं तिने टायपिंगच्या क्लासात मुलींची बोटं वळणावर आणली होती, त्यामुळे कीबोर्ड तिच्या हाताखालचाच होता. कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवू लागला तसा तिने माऊस काढून ड्रॉवरमध्ये टाकला. "उंदीर पाळायचं वय नाही माझं," म्हणाली.

अडलं ते पोहण्याच्या तलावापाशी. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं होतं, आणि तलावाची वेळ वेबसाइटवरूनच घ्यावी लागे. तिथे आठवड्याचा तक्ता होता. हिरवा चौकोन म्हणजे जागा आहे, लाल म्हणजे नाही. आत्याला मात्र नुसतं ऐकू यायचं, "बटण. बटण. बटण."

तिची भाची वेब डेव्हलपर होती. न दिसणाऱ्यांना, न ऐकू येणाऱ्यांना, हात थरथरणाऱ्यांनाही वापरता येतील अशा वेबसाइट कशा बांधायच्या, त्यांचे नियम काय, हे ती कंपन्यांमध्ये जाऊन शिकवायची. एका रविवारी तिने आत्याच्या कॉम्प्युटरवर चाळीस ओळींची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे एक लहानसा प्रोग्राम, बसवून दिली. स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी तक्ता वाचायची, चौकोनाचा रंग बघायची आणि त्याला नाव द्यायची. मग आवाज म्हणू लागला, "मंगळवार, सकाळी सात, जागा आहे."

आत्याने ही गोष्ट स्वतःपाशी ठेवली असती तर ती आत्या कसली. तिने स्क्रिप्ट आपल्या दोन मैत्रिणींना दिली, त्यांनी आणखी कुणाकुणाला. तलावाच्या साइटवर काही बदललं की स्क्रिप्ट बिघडायची, आत्याचा फोन यायचा, आणि भाची हातातलं काम बाजूला ठेवून ती दुरुस्त करायची. असं दीड वर्ष चाललं. "माझ्या भाचीने केलंय," हे आत्याचं वाक्य तिच्या कानावर आलं की तिला बरं वाटायचं.

मग एका सोमवारी आत्याला साइट उघडेचना. मैत्रिणींनाही नाही. भाचीने तपासलं तर तलावाने त्या सगळ्यांना बाहेर ठेवलं होतं.

ती तडक तलावाच्या ऑफिसात गेली. क्लोरीनच्या वासाची एक अरुंद खोली, कोपऱ्यात ओल्या टॉवेलांची टोपली, आणि साइट सांभाळणारा एकच माणूस. तोच पासही छापायचा.

"सव्वीस ठिकाणांहून दर पाच सेकंदांनी कुणीतरी तक्ता वाचत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणी टोळी जागा बळकावतेय. म्हणून बंद केलं."

"टोळी नाही. त्या माझ्या आत्या आणि तिच्या ओळखीच्या बायका आहेत. स्क्रिप्ट माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीड वर्ष तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग मला कळवलं का नाही?"

दुसऱ्यांना ती पहिल्याच तासाला शिकवायची की चूक मुळात दुरुस्त करा, वरून ठिगळ लावू नका. स्वतः मात्र ती दीड वर्ष ठिगळच लावत बसली होती. पत्र लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण पत्र लिहिलं असतं तर आत्याचे फोन थांबले असते. हे तिला तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"माझंही," तो म्हणाला. "मी डोळे मिटून कधी वापरून पाहिलं नाही. दाखवा काय करायचं ते."

दोन आठवडे ती दुपारी त्या खोलीत जाऊन बसली. चौकोनांना नावं मिळाली, रंगांसोबत 'आहे', 'नाही' अशी अक्षरं आली. शेवटच्या दिवशी आत्या तपासायला आली. तिची बोटं इतकी झरझर चालली की तो मागे सरकून बघत राहिला.

"दर चौकोनाला 'कृपया निवडा' कशाला?" आत्याने विचारलं. "शंभर वेळा कृपया ऐकून माणूस वैतागेल. काढा ते."

त्याने काढलं.

दाराशी उभा असलेला जीवरक्षक पडद्याकडे बघत म्हणाला, "मलाही आता वाचता येईल. लाल-हिरव्यातला फरक मला दिसत नाही. कुठली वेळ भरलीय, हे चार वर्षं मी पासच्या खिडकीवर विचारून घेतोय."

त्यालाही कुणी कधी विचारलं नव्हतं.

भाचीने स्क्रिप्ट बंद केली आणि सव्वीस जणींना तसं कळवलं. आत्याचे फोन खरंच कमी झाले. पहिल्या आठवड्यात तिला ते टोचलं. मग तिने स्वतःच फोन लावला, तर आत्या म्हणाली, "पटकन बोल, माझी सातची वेळ आहे."

आत्यासाठी लिहिलेल्या अशा आणखी तीन स्क्रिप्ट तिच्याकडे होत्या. गॅसची, वाचनालयाची, बसच्या तिकिटांची. तिने तिन्ही ठिकाणी सविस्तर पत्रं लिहिली. वाचनालयाने आठवड्यात उत्तर दिलं, गॅसवाल्यांनी महिन्याने. बसवाल्यांना ती अजून दर सोमवारी लिहिते.