तारेखालची सहाशे पावलं

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी विजेची डीपी नाही! माझ्या पोटात टेलिफोनच्या तांब्याच्या तारा आहेत. त्यातूनच करमाडच्या घराघरांत इंटरनेट जातं. शेंद्र्याच्या कारखान्यात मला हिरवा रंग लावला, तेव्हा मी काय झकास दिसत होते! इथं उभी केल्यावर सरपंचांनी मला हार घातला. नंतर मात्र माझ्यावर क्लासच्या जाहिराती चिकटल्या आणि शेळ्या अंग घासू लागल्या. इंटरनेट अडकलं की जो तो मलाच बोलायचा.

मग आली संस्कृती. दहावीतली, बडबडी. विज्ञान शिबिरासाठी शनिवारी तिची व्हिडिओवर मुलाखत होती. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, इंटरनेटचा वेग किमान वीस एमबीपीएस हवा. घरी मोबाइलला रेंज नव्हती आणि नवी जोडणी थेट शुक्रवारी मिळणार होती. तोवर अंदाज कसा काढायचा?

माझ्या दारावर वायरमनने एक तक्ता चिकटवलेला आहे. तार जितकी लांब, तितका वेग कमी. अर्ध्या किलोमीटरला तीस, नऊशे मीटरला चौदा, एक किलोमीटरला बारा. अंतर तार जाते तसं मोजायचं, शेतातून तिरपं नाही.

हे काम तिच्या आजोबांनी, मल्हारी आबांनी घेतलं. जन्मभर मेंढरांमागे चाललेला माणूस! माझ्यापासून तारेखालून घरापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "सहाशे पावलं."

संस्कृतीने एक पाऊल पाऊण मीटरचं धरून हिशोब केला. साडेचारशे मीटर. म्हणजे तीसच्याही वर! ती जागच्या जागी नाचली.

शुक्रवारी जोडणी आली. वेग निघाला चौदा.

रागाने ती धावत आली आणि माझ्या दारावर थाप मारली. "डबडं मेलं! उद्या मुलाखत हाय माझी!" मला फार लागलं. पत्र्याला नाही हो, मनाला.

पण पोरगी हुशार. तिने आबांना पुन्हा चालायला लावलं आणि स्वतः कान देऊन शेजारून चालली. दहा पावलांतच थांबली.

"आबा, तुम्ही डावा पाय मोजतच नाय की!"

"अगं, मेंढरं जोडीनंच मोजतो ना आपण. उजवा पडला की एक. डाव्याला कशाला उगी तरास?"

"म्हणजे तुमचा डावा पाय बिनपगारी चालला व्हय!"

दोघं पोट धरून हसले. सहाशेची झाली बाराशे पावलं, म्हणजे नऊशे मीटर. तक्त्याप्रमाणे वेग चौदाच! "आबा, डबडं खरं बोलतंय!" मी तर आतल्या आत टाळ्या वाजवल्या.

पण मुलाखत? वेग घरी वाढणार नव्हता, तर तिनेच माझ्या जवळ यायचं ठरवलं. माझ्यापासून एकशे वीस पावलांवर (दोन्ही पायांची!) सरूकाकूंचं घर आहे, आणि त्यांच्याकडे जोडणीही आहे.

"ये की माय," सरूकाकू म्हणाल्या. "पर करडू बांधणार नाय मी, लई रडतंय."

शनिवारी वेग निघाला बावन्न! मुलाखतीत सरांनी विचारलं, "तुझा एखादा प्रयोग चुकला आहे का?" संस्कृतीने आबांच्या डाव्या पायाची सगळी कथा सांगितली. तेवढ्यात करडाने पडद्यात तोंड घातलं. पलीकडे हशा पिकला, आणि चित्र एकदाही अडकलं नाही. मी माझा जीव ओतला होता ना!

"ये तू शिबिराला," सर म्हणाले.

ती ओरडतच बाहेर आली आणि भर दुपारी मला मिठी मारली. "आई गं, भाजलं!" म्हणत मागं सरली, तरी हसतच होती.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. नेट मंद वाटलं, तर शिव्या देण्याआधी एकदा तारेखालून चालून या. आकडा चुकला तर हसा आणि पुन्हा मोजा. जाता जाता माझं दार नीट लागलंय का, तेवढं बघा. आत उंदीर शिरला, तर कुणाची तरी मुलाखत अडेल.