ओल्या पाचटाची गंजी

उसाच्या पाचटावर वीज तयार करणाऱ्या एका कंपनीला बेलापूरचा मच्छिंद्र पाचटाच्या गाठी पुरवायचा. कंपनीचं आवार भरलं, तेव्हा तिथला इंधन अधिकारी काकासाहेब यानं गोडीगुलाबीनं तोडगा काढला. माल कंपनीचा, जागा मच्छिंद्रची. झालं! घरापासून वीस पावलांवर दुमजली उंचीची गाठींची गंजी उभी राहिली. कंपनीच्या परवानगीशिवाय तिच्यातली काडी हलवायची नाही, असा करार. दोघांचं सहकार्य बघून गाव कौतुक करायचं. गावाचं काय जातंय म्हणा.

आता मच्छिंद्रचा शहाणपणा ऐका. अवकाळीत भिजलेल्या गाठी त्यानं गंजीच्या पोटात घातल्या आणि भोवतीनं कोरड्या रचल्या. तपासणीची सळई हातभरच आत जाते, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. माल पास झाला. ओलं पाचट दाबून ठेवलं की आतल्या आत तापतं, हेही त्याला ठाऊक होतं; पण आठवडाभरात माल कंपनीच्या बॉयलरमध्ये जळून जाईल, अशी त्याची अटकळ. नेमका कंपनीचा बॉयलर दुरुस्तीसाठी बंद झाला आणि माल जागच्या जागी राहिला.

तीन आठवडे झाले. आज दुपारी त्यानं लांब सळई पार आतपर्यंत खुपसली, थोडा वेळ ठेवून ओढली, आणि हात पोळला म्हणून फेकून दिली. करपट वास सुटला होता. घरात बायको सुरेखा होती, आणि कंबरेचं हाड मोडून खाटेवर पडलेली आई, छबूबाई. गंजी फोडावी तर वारा लागून पेट घेणार, तशीच ठेवावी तर आज ना उद्या पेटणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शेवटी लाज गिळून त्यानं काकासाहेबाला फोन लावला. "सायेब, मधल्या गाठी ओल्या हायेत. मीच घातल्यात. कंपनीचा पान्याचा टँकर आन् मानसं धाडा, भिजवत भिजवत फोडू."

काकासाहेब दबक्या आवाजात म्हणाला, "मच्छिंद्रभाऊ, मला तवाच म्हाईत हुतं. वरच्या सायबांना महिन्याचा साठा दावायचा हुता, म्हून मी कोरडं लिहून सही ठोकली. आता टँकर धाडला तर का धाडला ते सांगावं लागंल. माझी नोकरी जाईल. तुमी जरा सहकार्य करा."

फोन ठेवला त्यानं. मच्छिंद्रला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

फोनचा स्पीकर चालू होता; सुरेखानं सगळं ऐकलं होतं. ती घरात गेली, गॅसची टाकी फरफटत बाहेर आणली आणि रस्त्यापलीकडं नेऊन ठेवली.

"तुमचं दोघांचं चांगलं जमलंय," ती म्हणाली. "आता आत्याबाईंना उचला."

दोघांनी खाटेसकट छबूबाईला रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेलं. "आरं, काय झालंय?" म्हातारी विचारत राहिली. मच्छिंद्रला सांगता येईना. विहिरीची मोटार लावावी, तर या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची. त्यानं अग्निशमन दलाला फोन केला.

"कुठं लागलीय आग?"

"अजून लागली न्हाई. पन लागनार हाय."

"धूर दिसतोय का?"

"न्हाई. आतून तापलीय."

"मग आत्ताच गाडी कशी काढणार? पेटली की लगेच कळवा."

"बरं," मच्छिंद्र म्हणाला, आणि गंजीकडं तोंड करून आईच्या खाटेशी बसला.