एका पोस्टची एक सुट्टी

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक.

वारज्याची पूर्वा, ती कोथरूडच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये बिलिंगला आहे, पार्ट टाइम. तिथे एका पोस्टवर दोघी. सोमवार ते बुधवार पूर्वा, गुरुवार ते शनिवार नजमा, रविवार आलटून पालटून. दोघींत एक काउंटर, एक लॉकर, एक एप्रन. चावी जाताना गेटवर ठेवायची. आणि तोवर दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, काय कमाल आहे बघ.

तर पूर्वाला चौदा एप्रिल हवा होता. तिचे वडील बाबुराव दर जयंतीला पुतळ्याजवळ पुस्तकांचं टेबल लावतात. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खोकी उचलणार कोण? पूर्वा नाही तर टेबल नाही. चौदा आला मंगळवारी, म्हणजे नेमका हिचा दिवस. म्हणून ईदच्या आधीच ती सुपरवायझरकडे गेली, आमोद सरांकडे. तो शांतपणे म्हणाला, "सणाची सुट्टी पोस्टला एकच. ती नजमाने ईदसाठी घेतलीय. अर्ध्या कामाला अख्खी जयंती कुठून देऊ?"

हिचं डोकंच फिरलं. त्यात ईदनंतरच्या सोमवारी लॉकर उघडला तर आत स्टीलचा डबा, शीरखुर्मा, आंबून नुसता वास मारतोय. रविवार नजमाचा होता, म्हणजे हिने काय समजायचं? सण करून आली आणि वर उरलंसुरलं मला ठेवून गेली. पूर्वाने डब्यासकट कचऱ्यात टाकलं. बुधवारी जाताना एप्रन लॉकरमध्ये कोंबला आणि चावी गेटवर न ठेवता घरी घेऊन आली.

मग काय, नजमा तीन दिवस बिनएप्रनची उभी. आमोद सर येता-जाता गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, मॅडम पाहुण्या म्हणून आल्यात का. पूर्वाला कुणीतरी हे सांगितलं, तर ही खूश. खरं सांगते, खूश.

पुढच्या सोमवारी हिच्या लायनीत एक मुलगी आली, हातात फक्त कपड्याचा साबण. काउंटरवर ठेवला.

"बिल कर. आपल्या एप्रनसाठी घेतलाय, तुझ्याच्याने तर धुवून होत नाही. आणि चावी दे. माझा डबाही दे, अम्मीचा आहे."

पूर्वाने साबण स्कॅन केला. "ईद घरी बसून केलीस ना? मग आता डबा कशाला मागतेस."

"ईदला मी इथेच होते, याच खुर्चीवर. तू जयंती आधीच घेऊन टाकलीस, असं सर म्हणाले. रविवारीही तेच. गर्दी इतकी, डबा उघडायला पण सोडलं नाही, घाईत लॉकरमध्येच राहिला." मग तिने विचारलं, "भरलेला होता ना?"

भरलेलाच होता गं. काठोकाठ. पूर्वाला तो कचऱ्यात पडतानाचा आवाजसुद्धा आठवला. मागचे काका ओरडायला लागले, गप्पा घरी मारा म्हणून. नजमा एवढंच म्हणाली, मी बाहेर थांबते, तुझी शिफ्ट संपली की दोघी मिळून वर सरांच्या ऑफिसात जाऊ.

पण पूर्वा थांबली नाही. काउंटर सोडून एकटीच वर गेली आणि आमोद सरला तोंडावर विचारलं. तो जरासुद्धा गडबडला नाही. म्हणाला, घे तुझा चौदा, मी करतो ॲडजस्ट. पण तिला कळता कामा नये, आणि दोघी जोडीने माझ्याकडे आलात तर तुझा चौदाही गेला.

शिफ्ट संपली. बाहेर नजमा बसस्टॉपच्या कठड्याला टेकून उभी, साबण हातातच. "चल, जायचं वर?"

पूर्वाने चावी तिच्या हातात ठेवली. "मी जाऊन आले. नाही म्हणाला. कुणालाच नाही." डब्याचं विचारलं तर म्हणाली, माहीत नाही.

चौदाला टेबल लागलं. बाबुराव खुर्चीत निळा फेटा बांधून, पूर्वा खोकी उचलतेय, गर्दी एवढी की पाणी प्यायला फुरसत नाही. दुपारी तिने सहज फोन बघितला. दुकानाच्या ग्रुपवर आमोद सरचा मेसेज: पूर्वा आजारी आहे, नजमाला बोलावून घेतलंय, थँक यू नजमा. आणि हिच्या मागे डीजे, हिचा फोटो कॉलनीतल्या सगळ्यांच्या स्टेटसला.

बुधवारी लॉकर उघडला. एप्रन धुतलेला, कडक इस्त्रीचा, घडी घालून ठेवलेला. त्यावर तोच साबण, अर्धा झिजलेला. बाकी काही नाही.

तिने तो एप्रन घातला आणि काउंटरला जाऊन बसली. आता उद्या गुरुवार, नजमाचा दिवस. मला म्हणते, जाऊ का तिला भेटायला? मी काय सांगू तिला? आणि तू मला तोंड वाकडं करून दाखवू नकोस. घरी बाबुराव तसे बसलेले, वर आमोद सर तसा बोललेला, आणि बसस्टॉपवर ती विचारतेय, चल, जायचं वर? तू काय केलं असतंस?