अट्रॅक्टा टॅन्सीच्या रिकाम्या जागेची मोजणी

आकडेवारीच्या कचेरीतला माणूस दारात उभा राहून म्हणाला, "अट्रॅक्टाबाई आहेत का?"

"त्या गेल्या. तीन आठवडे झाले," डर्व्हला म्हणाली.

"हो, कळलं. फार वाईट वाटलं." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "पण नियमाप्रमाणे आधी विचारावं लागतं."

त्याचं नाव एन्डा. खांद्याला बॅग आणि काखेत घडीची खुर्ची. देशातल्या शेतांवर बायका नेमकं किती काम करतात हे आपल्याला ठाऊकच नाही, असं कचेरीच्या फार उशिरा लक्षात आलं होतं. म्हणून नवी पाहणी निघाली होती. चिठ्ठ्या टाकून जी घरं निघाली त्यांत स्लायगो परगण्यातल्या डोंगराखालचं टॅन्सींचं घर होतं, आणि अट्रॅक्टाने या हिवाळ्याच्या तोंडावर "खुशाल या, निदान चहा तरी होईल" असं कळवूनही टाकलं होतं. मग जानेवारीत एका सकाळी ती गुरांना चारा घालून आली, चुलीजवळच्या खुर्चीत बसली आणि उठली नाही.

"मग आता ते नाव काढून टाका की," डर्व्हलाचे वडील, मॅलकी, आतून म्हणाले.

"निवडलेली बाई वगळता येत नाही. मागच्या पाहणीत वगळत वगळत शेवटी काही परगण्यांत बायकाच उरल्या नव्हत्या."

"मग मी सांगते ती काय काय करायची ते," डर्व्हला म्हणाली.

"दुसऱ्याने आठवून सांगितलेलं चालत नाही. माणसं मेलेल्यांबद्दल फार चांगलं बोलतात." एन्डाने खुर्ची उलगडली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडली. "अशा वेळी आम्ही अभाव मोजतो. आठवडाभर त्यांचं काम कुणी करायचं नाही. जे जे अडेल, ते ते त्यांचं."

मॅलकी हसले. हसू वाईट नव्हतं. आयुष्यभर एकहाती शेती केली असं मनापासून मानणाऱ्या माणसाचं होतं. "अडणार काय? ती घर बघायची. आता घराला आठवडाभर कुणी नाही बघितलं तर ते काय पळून जाणार आहे?"

आईच्या मृत्यूची नोंद करायला डर्व्हला त्यांच्याबरोबर गेली होती. खिडकीतल्या बाईने विचारलं, व्यवसाय? आणि मॅलकी सरळपणे म्हणाले, "काही नाही, घरीच असायची." बाईने ते लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्का काही मोठा वाजला नव्हता, पण डर्व्हलाच्या कानात तो अजून वाजत होता. आईने शेती केली, असं कुठेतरी लिहिलं जावं एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी आता ही घडीची खुर्ची सोडून दुसरी जागा उरली नव्हती.

"मला काय करावं लागेल?" तिने विचारलं.

"काहीच नाही. तेच अवघड आहे," एन्डा म्हणाला. "तुम्ही एक कप जरी विसळलात तरी ते काम तुमच्या नावावर लागेल आणि तेवढं भोक बुजेल."

डर्व्हला गॉलवेच्या ग्रंथालयात काम करत होती. दिवसभर पुस्तकं हलवून हलवून तिच्या हातांना स्वस्थ बसायची सवय उरली नव्हती. त्या दिवसापासून ती आईच्या स्वयंपाकघरात हात मांड्यांखाली दाबून बसली.

दुपारी मॅलकी शेतातून आले, हात धुतले आणि टेबलाशी बसले. काटा-सुरी समोर होती, तीही कालचीच. ते बसून राहिले. रागावले नाहीत, हाक मारली नाही. बस येणारच आहे हे ठाऊक असलेला माणूस थांब्यावर बसतो तसे बसले. एन्डा बराच वेळ नोंदी करायच्या आपल्या छोट्या यंत्राकडे बघत राहिला.

"काय झालं?" डर्व्हलाने हळूच विचारलं.

"हे कशात धरायचं कळत नाही. हे काम नाही, विश्रांती नाही, करमणूकही नाही."

"वाट बघणं."

"त्याला रकाना नाही. आजवर कधी लागलाच नसेल."

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं यायला लागली. कानात बिल्ले मारलेल्या वासरांची नोंद वेळेत का आली नाही म्हणून गुरांच्या खात्यातला एकजण आला. पेंड विकणारा आला. गुरांच्या डॉक्टरने गाडीतूनच काच खाली केली. प्रत्येकाने मॅलकींना तेच विचारलं.

"मालक कुठेत?"

"मीच की मालक."

"नाही हो, दुसऱ्या. फोनवर बोलतात त्या."

तिसऱ्यांदा असं झाल्यावर मॅलकी दार लावून आत आले आणि एन्डाकडे पाठ करून म्हणाले, "हे लिहू नकोस."

"लिहिलं," एन्डा म्हणाला.

खरी पंचाईत केली शेजारच्या कन्सेप्टाने. या भागात घरात माणूस गेलं की महिनाभर त्या घरची चूल शेजारणीच पेटवतात. त्याला कुणी मदत म्हणत नाही. न केलं तर मात्र त्याला नाव असतं. कन्सेप्टा मटणाचं पातेलं पदरात धरावं तसं ॲप्रनमध्ये धरून आली, तर एन्डा दारात आडवा.

"आत आणू नका, कृपा करून. हे तुमच्या नावावर लागेल."

"लागू दे की. इतकी वर्षं कुठे लागलं होतं?" तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मेलेल्या बाईला कामाला लावणारं सरकार पहिल्यांदाच बघतेय. जिवंतपणी मोजायला काय झालं होतं रे तुम्हांला?"

"आमचा माणूस आला होता. दोनदा. दोन्ही वेळा दार मॅलकींनी उघडलं."

"आणि ती?"

"कामात होत्या."

कन्सेप्टाने पातेलं जड झाल्यासारखं दुसऱ्या हातात घेतलं. "तुमची हद्द कुठपर्यंत?"

"शेताच्या दगडी कुंपणापर्यंत."

मग तिने पातेलं रस्त्यावरच्या कुंपणावर नेऊन ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्या कुंपणावर बटाट्यांची कढई, सफरचंदाचा केक, अर्धी भाजलेली कोंबडी आणि कुणाचा तरी जाड ब्रेड ओळीने मांडला गेला. मॅलकी रोज दुपारी बाहेर जाऊन, रस्त्याच्या बाजूने उभे राहून जेवू लागले. रविवारचं जाकीट, हातात काटा, आणि अंगावर पावसाची बारीक भुरभुर. जाणाऱ्या गाड्यांतून लोक इथल्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देत, आणि तेही तोंडात घास असताना काटा उचलून उत्तर देत. जणू टॅन्सी घराणं पिढ्यान्पिढ्या कुंपणावरच जेवत आलंय.

"बाबा, थंडी बाधेल," डर्व्हला दारातून म्हणाली.

"मग तुझ्या त्या साहेबाला सांग. मला काय हौस आहे?" त्यांनी कोंबडीचा तुकडा तोडला आणि थोड्या वेळाने विचारलं, "माझे मोजे कुठे असतात गं?"

डर्व्हलाला ठाऊक होतं. सांगणं हे काम आहे का, हे तिने एन्डाला नजरेने विचारलं. त्याने मान हलवली. आहे.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. आयुष्यात इतकं कठीण वाक्य तिला क्वचितच बोलावं लागलं होतं. आईचे कपडे अजून खुंटीवर होते, आईचा कप चुलीशेजारी होता, आणि त्यांतल्या कशालाही हात लावायचा नव्हता. शोक करणाऱ्या माणसाला आवराआवर हाच एक आसरा असतो. तिचा तोही काढून घेतला होता, आणि तिनेच तो दिला होता. तिचे हात शिवशिवत राहिले. आठवडा सरता सरता ती स्वतःच्याच बोटांची घडी मोडून पुन्हा घालू लागली. एन्डाने तेही बघितलं, पण लिहिलं नाही.

रविवार हा पाहणीचा शेवटचा दिवस. नेमकी त्याच दिवशी अट्रॅक्टाला जाऊन महिना झाल्याची प्रार्थना होती, आणि चर्चमधून माणसं नेहमीप्रमाणे घरी आली. फादर, कन्सेप्टा, तिचा नवरा, डोंगरापलीकडचे चुलत नातेवाईक, सगळे स्वयंपाकघरात खांद्याला खांदा लावून बसले. चूल थंड होती.

इथे चहाची एक रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की मुळीच नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, घोटभर" म्हणायचं. पण तिसऱ्यांदा आग्रह व्हायचा तर आधी पहिल्यांदा विचारणारं कुणीतरी हवं. कुणी विचारत नाही असं बघून फादरच हळूच म्हणाले, "मला चहा नको हं."

"मलाही नको," चुलतभाऊ म्हणाला. "आत्ताच झाला."

"आमच्यासाठी मुळीच त्रास घेऊ नका," कन्सेप्टाचा नवरा म्हणाला, आणि आशेने किटलीकडे बघत राहिला.

असा सगळ्यांचा दोन-दोनदा नकार देऊन झाला. त्यापुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्यापुढची पायरी आजवर या घरात अट्रॅक्टाचीच होती. बायकांचे हात मांडीवर चुळबुळत होते. कन्सेप्टा अर्धवट उठली; डर्व्हला फक्त "कन्सेप्टा, नको ना गं" म्हणाली आणि ती पुन्हा बसली. मॅलकी या शांततेला कंटाळून, गुरं बघून येतो म्हणून बाहेर गेले.

थोड्याच वेळात गोठ्यातून हंबरडा ऐकू आला. डर्व्हलाने तो लगेच ओळखला. पहिलारू कालवड अडली होती. मॅलकींचा पंजा फावड्याएवढा. अडलेल्या वासराला आत हात घालून वळवायचं काम या घरात कायम बारीक मनगटाच्या माणसाचं होतं. डर्व्हलाची मनगटं आईवर गेली होती, आणि ते काम ती शाळेत असतानाच शिकली होती.

ती उठली.

"डर्व्हला," एन्डा खालच्या आवाजात म्हणाला, "आजचाच दिवस उरलाय. हे सगळ्यांत मोठं भोक आहे. तुम्ही हात घातलात की ते तुमचं."

"माहीत आहे."

"संध्याकाळपर्यंत—"

"कालवडीला संध्याकाळ कळत नाही," ती म्हणाली. आठवडाभराचं बसणं वाया गेलं हे तिला स्वच्छ दिसत होतं. आईने अशा वेळी मोजणीचा विचार केला नसता हेही दिसत होतं. तिने कडीला हात घातला.

तेवढ्यात अंगणापलीकडून मॅलकींची हाक आली.

"अट्रॅक्टा ऽऽ"

हाक रोजचीच होती. थोडी चिडकी, थोडी घाईची, कुठे राहिलीस, ये लवकर, अशी. तीत शोक नव्हता. घरातल्या कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी खाली बघितलं. गोठ्यातही एकदम सामसूम झाली; आपली हाक मॅलकींना स्वतःलाच ऐकू आली असावी. डर्व्हला दार उघडून पळाली.

मागे एन्डा बोटं चालवत होता. "ही आठवण नव्हे," तो स्वतःशीच म्हणाला. "ही मागणी आहे. शेतमालकाने, शेतावर, कामासाठी, नाव घेऊन."

"बसतं का मग तुझ्या त्यात?" कन्सेप्टाने विचारलं.

"बसतं."

गोठ्यात मॅलकी कालवडीच्या कुशीला कपाळ टेकून उभे होते. डर्व्हलाने बाह्या वर केल्या, बादलीत कोपरापर्यंत हात धुतले.

"डावा पाय मागे मुडपलाय," ती म्हणाली.

"कळलं मला. माझा हात जात नाही." कपाळ न उचलता ते म्हणाले, "तिचा जायचा."

"हो, बाबा."

तिने पाय शोधला, खूर मुठीत धरला, सरळ केला. मग दोघांनी मिळून दोर ओढला आणि वासरू गवतावर येऊन पडलं. मॅलकींनी गवताच्या काडीने त्याच्या नाकात गुदगुल्या केल्या. ते शिंकलं.

एन्डा गोठ्याच्या दाराशी येऊन उभा होता. बूट खराब होऊ नयेत म्हणून आत येत नव्हता.

"मॅलकी, दोनच गोष्टी राहिल्यात. तुम्ही ज्यांना बोलावलंत त्यांचं काम काय?"

"काम काय म्हणजे?" मॅलकींनी वासराकडे, कालवडीकडे, सगळ्या गोठ्याकडे हात केला. "शेती. डोळे आहेत ना तुला?"

एन्डाने लिहिलं. "आणि ही जागा आता रिकामी झाली. ती भरणार आहात का? असा एक रकाना आहे."

मॅलकींनी डर्व्हलाकडे पाहिलं. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि आईच्या हातांसारखेच दिसत होते. विचारायचं नसलेलं त्यांनी नजरेने विचारलं.

"मी मंगळवारी गॉलवेला परत निघालेय, बाबा," ती म्हणाली.

वासरू मागच्या पायांवर उभं राहायची खटपट करत होतं. मॅलकींनी ते थोडा वेळ पाहिलं.

"रिकामी आहे असं लिही," ते एन्डाला म्हणाले. "भरेल असं लिहू नकोस."