लखू डायवरची फुकणी

मी फुकणी बोलतोय. चुलीत जाळ करायची लोखंडी नळी न्हाई, दारू पिलाय का न्हाई ते बघायचं मशीन. माजं खरं नाव खोक्यावर छापलेलं व्हतं, पर ते खोकं रुक्मिणी अक्कानं साखर ठेवायला घेतलं. मंग वाडीतल्या बायकांनी मला उलटंपालटं करून बघितलं नि म्हनाल्या, "तोंड लावून फुकायचं, म्हंजे फुकणीच की." झालं. बाप्यामानूस असून बाईचं नाव लागलं. माजी तक्रार न्हाई. कसली कसली तोंडं मला लागतात ते बघितलं तर नावाचं दुख कायच न्हाई.

मला वाचता येत न्हाई. आकडे तेवढे वळखतो, त्यातबी शून्य माजं लाडकं. फुकनाऱ्याच्या तोंडातनं दारूचा वास आला की आकडा दावतो नि किंचाळतो. न्हाई आला तर शून्य. एवढंच माजं शिक्षान. पर एवढ्याशा शिक्षनावर मी कुंभारवाडा गावातल्या भल्याभल्यांना घाम फोडलाय.

जन्म कुठला म्हनाल तर ठाऊक न्हाई. डोळं उघडलं तवा एका कारखान्यात फळीवर आमी रांगेनं व्हतो नि एक बाई एकेकाच्या तोंडात दारूची वाफ सोडत व्हती. लोकांच्या लेकरांना मध चाटवतात, मला ही बाळगुटी. पर बघा, जन्मल्या जन्मल्या पाजली तरी मला सवय लागली न्हाई. हितल्या लोकांना कुनी पाजली न्हाई तरी लागली.

तितनं मी हुबळीला आलो, हुबळीहून तालुक्याच्या गावी जोयड्याला, नि जोयड्याहून कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून कुंभारवाड्याला. माज्यासंगं एक लांबलचक कागद व्हता, कसं वापरायचं ते सांगनारा. रुक्मिणी अक्काचं चहाचं हाटेल हाय, बस तिच्या दारातनंच सुटती. तिनं पैल्याच दिवशी त्या कागदावर मिरची भजी बांधून दिली. ज्यानं खाल्ली त्यानं कागद वाचला असंल तर वाचला.

आता मला आनलं का, ते सांगतो. आनलं लखूमुळं.

लखू पल्याडच्या वाडीचा कुणबी, प्रवीणशेटच्या बसवर डायवर. प्रवीणशेट रामनगरचा. त्याची बस सकाळी हितली पोरं घेऊन जोयड्याच्या शाळेला जाती, सांजेला परत आनती. ती चुकली तर दुसरी गाडी मिळायला नशीब लागतं. लखू गाडी लई झकास चालवायचा. पिऊन आनखी झकास, असं तो सोताच सांगायचा. एका सांजेला तेच दावायला त्यानं रस्ता उजवीकडं वळला तरी गाडी वळवली न्हाई. पोरांनी भरलेली बस सरळ भाताच्या खाचरात जाऊन रेड्यासारखी बसली. पोरं वाचली, चपला चिखलात गेल्या. लखूची पोरगी रक्षा त्याच बशीत व्हती. घरी जाऊन तिनं आयेला सांगितलं, "बाबा डोळं मिटून चालवत व्हता."

दुसऱ्या दिवशी पोरांचे आईबाप शाळेत जमले. लखूला गाडीवरनं उतरवला. मला विकत आनायचं ठरलं. म्हनाले, ह्याफुडं बशीचा डायवर रोज सकाळी अक्काच्या हाटेलात फुकंल, मंगच चावी. तावातावानं ठराव झाला, नि ठराव करनारे बाप्ये घसा कोरडा पडला म्हनून तितनं उठून फनसाखाली बसायला गेले. काय प्यायला, ते इचारू नका.

लखूसाठी अटी वेगळ्या. आदी दारू सोडायच्या शिबिराला जायचं. डाक्टरनं बरा झाला म्हनायला पायजे. मंग मागच्या दारात क्लीनर म्हनून उभं ऱ्हायचं, लोकांना डोळ्यांनी बघू दे. त्यातनं निभावला तर परत स्टेरिंग. तवाबी रोज फुकायचं, नि मधी कधीबी, न सांगता, कुनीबी "फुक" म्हटलं की फुकायचं. मी एकदा जरी किंचाळलो तर त्या बशीवर लखू परत कधी बसनार न्हाई.

लखूनं मान डोलावली. त्याची बायको फुला मागं उभी व्हती. ती म्हनाली, "माजीबी एक अट लिवा. ह्यांचं शून्य आलं तर रक्षा बशीत बसंल. न्हाई आलं तर ती नि मी चालत जाऊ. शाळंकडं न्हाई, म्हायेराकडं."

लखू शिबिराला गेला. त्याच्या जागी प्रवीणशेटनं आपला मेव्हना नागू आनून बसवला. नागू म्हंजे माजी खरी करमनूक. सकाळी यायचा तो पेरूची पानं चावत. कधी धने, कधी कच्चा कांदा. एकदा तर लसनीची अख्खी गड्डी. अरं बाबा, तुजा वास लपतोय, दारू कुठं लपती? एकदा गाल फुगवून नुसती गालातली हवा सोडली. मी गप. आकडाबी न्हाई, शून्यबी न्हाई.

"मशीन बंद पडलं," नागू म्हनाला.

"मशीन न्हाई, तुजा भाता बंद पडलाय," अक्का म्हनाली. "पोटातनं फुक, मुडद्या."

पोटातनं फुकला नि मी असा किंचाळलो की अक्काचं मांजर चुलीमागं पळालं. त्या दिवशी प्रवीणशेटला सोता बस चालवायला यावं लागलं. त्याला कुनी फुकायला सांगितलं न्हाई. शेट हाय ना. शेटच्या पोटात दारू गेली की तिचं औषिद व्हत असंल.

गुरुजींची गंमत तर ऱ्हायलीच. ते चहाला आले नि म्हनाले, "बघू कसं काय चालतं हे." फुकले. मी किंचाळलो. जन्मात थेंब शिवलो न्हाई म्हनून गुरुजी लालबुंद. मंग आठवलं, येताना खोकल्याचं आसव घेतलेलं. अक्कानं चूळ भरायला लावली, पाव घंटा बाकड्यावर बसवलं नि परत फुकायला दिलं. शून्य. तवापास्नं वाडीतल्या शेंबड्या पोरालाबी ठाऊक झालं, तोंडातली दारू चूळ भरून जाती, पोटातली जात न्हाई.

लखू शिबिरातनं आला तो वाळून आला. मागच्या दारात उभा ऱ्हाऊन शिट्टी वाजवायला लागला. ज्या बशीचा राजा व्हता त्या बशीत तिकिटं फाडायची, म्हाताऱ्यांची गाठोडी चढवायची. फनसाखालचे दोस्त मुद्दाम बोलवायचे, "काय रे लखू, बायकोनं फुकणी केली काय तुजी?" लखू हसायचा नि गाठोडं उचलायचा. मला गड्याची दया येत व्हती असं न्हाई. मी बी वाट बघत व्हतो, कवा किंचाळायला मिळतंय.

मंग तो दिवस आला. सकाळी लखूनं दाढी केली, इस्तरीचा शर्ट घातला, मिशी तेल लावून बसवली. अक्काच्या हाटेलात समद्यांसमोर मला तोंडाला लावलं. फुकला. शून्य. फुलानं रक्षाच्या खांद्यावर दप्तर अडकवलं.

हितं गोष्ट संपली असती, पर वाडीला एवढं साधं परवडत न्हाई.

हाटेलाफुडच्या चढावर राखनदाराचा, म्हंजे वाडी राखनाऱ्या देवाचा दगड हाय. नवी गाडी आली, नवा डायवर आला की तितं गाऱ्हानं घालायचं, राखनदाराला नारळ नि दारू द्यायची, नि ज्याच्यासाठी गाऱ्हानं घातलं त्यानं त्याच दारूचं तीर्थ घ्यायचं. न्हाई घेतलं तर गाऱ्हानं मोडलं, गाडी घाटात गेली समजा. लखू परत गाडीवर बसनार म्हनून वाडीची गाऱ्हानी घालनाऱ्या येसू अज्जानं आदल्या दिवशीच काजूची पैल्या धारेची दारू आनून ठेवली व्हती. म्हातारा खरंच मायेनं करत व्हता, तेच तर वाईट.

अक्का मला पिशवीत घालून संगं घेऊन गेली. अख्खी वाडी जमलेली.

अज्जानं दगडावर दारू वतली नि हात जोडले. "बा राखनदारा, ह्या लखूनं दारू सोडली."

"व्हय बा," लोक म्हनाले.

"त्याला परत दारूचं तोंड दावू नको."

"व्हय बा."

"ज्यानं त्याला दारू पाजली त्याचं वाटोळं कर."

"व्हय बा."

नि हे बोलून अज्जानं नारळाची करवंटी दारूनं भरली नि लखूच्या फुडं धरली. "घे लेका, तीर्थ घे."

मी पिशवीत हसून हसून गरम झालो.

लखूनं हात मागं घेतला. "अज्जा, नको."

"दारू कोन देतंय तुला? तीर्थ हाय ते."

"बाटली तीच हाय न्हवं, अज्जा."

"देवाला वतली की बाटली बदलत न्हाई, पर दारू बदलती," अज्जा म्हनाला. मागनं लोक बोलायला लागले. घे की. थेंबभर. पोरं बसनार हाईत त्या गाडीत, गाऱ्हानं मोडू नको. जे बाप्ये त्याला गाडीवरनं उतरवायला फुडं व्हते, तेच आता पाजायला फुडं.

लखूनं फुलाकडं बघितलं. फुला दगडाकडं बघत व्हती. लखूनं ओंजळ फुडं केली. अज्जानं त्यात वतली. लखूनं ओंजळ तोंडाजवळ नेली, मंग कपाळाला लावली नि केसांवर फिरवली. दारू केसांतनं, मिशीवरनं, शर्टावर गळाली. लोक खूश. बाकीच्यांनीबी देवाचं नाव घेऊन करवंटी रिकामी केली. नागूनं लई भक्तीनं दोनदा केली.

तवा जीपजवळ उभा असलेला प्रवीणशेट फुडं आला. "मधी कधीबी, न सांगता. अट हाय ना? दे अक्का, फुकव त्याला."

अक्कानं मला काढलं. लखू फुकला.

मी किंचाळलो. काय करनार, मिशीतनं दारू ठिबकत व्हती. आमच्यात लाडीगोडी चालत न्हाई.

रक्षानं आयेचा पदर धरला. प्रवीणशेट म्हनाला, "झालं. नागू, चावी घे."

फुलानं रक्षाच्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या खांद्यावर घेतलं. लखूजवळ आली. "पिलासा?"

"न्हाई."

"खरं सांगा."

लखूनं बाहीनं मिशी पुसली. मंग म्हनाला, "व्हटाला लागली. जीभ लावली न्हाई." फुलाकडं बघून फुडं म्हनाला, "लावावीशी वाटली व्हती."

हे त्यानं इतक्या लोकांत सांगितलं. मी लई लोकांच्या पोटातलं काढलंय, पर असं कुनी सोताहून काढून दिलेलं न्हाई.

अक्कानं तांब्या आनला. "गुरुजींच्या येळेला काय केल्तं? चूळ भर, मिशी धू, डोकं धू. बस त्या पायरीवर."

"पोरांना उशीर व्हतोय," प्रवीणशेट म्हनाला. "नागू नेतोय."

"नेऊ दे की," अक्का म्हनाली. "पर डायवर फुकतो, मंगच चावी. हा आपला ठराव."

नागू पेरूच्या झाडाकडं बघायला लागला. पर पानं लांब व्हती. फुकला, नि मी गायलो. असा गायलो की जत्रेत भोंगाबी तसा वाजत न्हाई.

"तीर्थ हाय ते," नागू म्हनाला.

"अज्जा, देवानं बदलली व्हती न्हवं?" अक्का म्हनाली. अज्जा खाली बघत करवंटी पुसायला लागला.

"शेट, मंग तुमीच न्या गाडी," फुला म्हनाली. "फुका." तिनं मला अक्काच्या हातातनं घेतलं नि त्याच्या तोंडाफुडं धरलं.

"मी कुठं डायवर हाय?" प्रवीणशेट एक पाऊल मागं सरला. एका हातात जीपची चावी खुळखुळत व्हती. करवंटी त्यानंबी सोडली नव्हती. वास मला न फुकताच आला.

लखू पायरीवर बसून ऱ्हायला. दाढी केलेल्या तोंडावरनं पानी निथळत व्हतं, इस्तरीच्या शर्टाचं पोतेरं झालं व्हतं. पोरं बशीच्या खिडक्यांतनं डोकं काढून बघत व्हती. अर्ध्या पोरांचे बाप तितंच उभे, तोंडावर हात ठेवून. पाव घंटा गेला. फुला मला घेऊन आली. अक्काला तिनं हात लावू दिला न्हाई.

लखू फुकला. सगळा श्वास संपेपर्यंत, डोळ्यांत पानी येईपर्यंत फुकला.

शून्य.

फुलानं ते शून्य लई येळ बघितलं, जसं काय त्यात लिवलेलं हाय. मंग दप्तर रक्षाला दिलं नि म्हनाली, "चढ."

लखू स्टेरिंगवर बसला. पैला गेर टाकताना बस इवळली, दुसऱ्याला गप झाली. फुडं रस्ता उजवीकडं वळला, बसबी वळली.

आता मी म्हातारा झालोय. बॅटरी टिकत न्हाई, टोपन हरवलंय, मांजरानं नळी चावलीय. मधी मला तपासायला हुबळीला पाठवलं व्हतं, मी खरं बोलतोय का ते बघायला. बघा, माजीबी परीक्षा व्हती. डायवरची व्हती. तेवढी शेटची व्हायची ऱ्हायलीय.

राखनदाराला अजून दारू वततात, तीर्थ म्हनून मानसाला कोकमाचं पानी देतात. देवाची तक्रार न्हाई. फनसाखालच्यांची हाय.

लखूला मधी अडवून फुकायला लावायचं कवाच बंद झालं. सकाळचं सोडलं तर सांजेला जोयड्याहून निघायच्या आदी तो अजून सोताहून फुकतो. त्यासाठी मला बशीत घेऊन जातो. कुनी सांगत न्हाई, कुनी बघत न्हाई. पोरं बघतात. लखू शाळेत व्हता तवा गनितात त्याला शून्य मिळायचं, छडीबी मिळायची. आता त्याला शून्य मिळालं की रक्षा बशीतल्या समद्या पोरांना टाळ्या वाजवायला लावती.

माजं एक मागनं हाय. मी मरायच्या आदी एकदा वाडीतल्या समद्यांनी फुका. गाडी असू दे, नसू दे. पर मला ठाऊक हाय. अक्काच्या हाटेलातल्या माज्या फळीफुडनं जाताना हितली शानी मानसं दम रोखून जातात.